पंपाचे एंजिन जोडण्यापूर्वी झीज मोजावी

विजेचे व सौर पंप आता पुष्कळ विहिरींवर बसले असले, तरी वीजवाहिनीपासून दूर असलेल्या शेतांवर डिझेल एंजिनाचा आधार अद्याप सुटलेला नाही. हे एंजिन तेल खाऊ लागले व हँडल हलके फिरू लागले, म्हणजे मिस्त्रीला बोलावून नुसत्या रिंगा बदलण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकानेही एका ऊस बागायतदारास एकदा हाच सल्ला दिला होता. चैत्रात रिंगा बदलल्या. महिन्याभरात निळसर धूर पुन्हा सुरू झाला व ऐन वैशाखात एंजिन दुसऱ्यांदा उघडावे लागले. वरची रिंग तुटून लायनरला ओरखडे पडले होते. तेवढ्यात उसाची पाण्याची पाळी चुकली. दोष रिंगेचा नव्हता, मिस्त्रीचाही फारसा नव्हता. लायनर कोणी मोजलाच नव्हता.

लायनर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन अगदी वर आला असता पहिली रिंग जेथे थांबते, तेथे उष्णता व दाब सर्वांत अधिक आणि तेल सर्वांत कमी. म्हणून झीज तेथेच जास्त होते. त्याच्या वर रिंग पोचत नाही, तेथे मूळ माप शिल्लक राहून कंगोरा तयार होतो. तो नखाला स्पष्ट लागतो. जुन्या रिंगेची कड झिजून गोलसर झालेली असते. नवीची तीक्ष्ण कड त्या कंगोऱ्यावर आपटते आणि रिंग मोडते.

बोअर डायल मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास एक नवी रिंग व फिलर गेज एवढ्यावर काम भागते. लायनर पुसून कोरडा करावा. उन्हात तापलेला मोजू नये. रिंग एकटीच आत घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलत, तळाच्या न झिजलेल्या भागापर्यंत न्यावी व तिच्या तोंडातील फट मोजावी. मग तीच फट वर, कंगोऱ्याच्या लगत खाली मोजावी. गेजचे एक पाते न पुरल्यास दोन-तीन पाती एकत्र धरावीत. दोन्ही फटींतील फरकास ३.१४ ने भागले असता व्यासातील झीज मिळते. उदाहरणार्थ, किर्लोस्कर एव्ही-१ या ५ अश्वशक्तीच्या एंजिनाचा व्यास ८० मि.मी. असतो. खाली फट ०.४० व वर १.३४ मि.मी. भरली, तर फरक ०.९४, म्हणजे झीज ०.३० मि.मी. झाली. ही सरासरी होय. लायनर अंडाकृती झाला आहे काय, हे मात्र डायलनेच कळते.

झिजेची मर्यादा एंजिनाच्या पुस्तिकेत असते व तीच प्रमाण मानावी. पाव मिलिमीटरपुढे गेलेल्या लहान एंजिनास नुसत्या रिंगा पुरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

लायनर काढलाच आहे, तर क्रँककेसही पाहावी. लायनरच्या रबरी रिंगा बसतात ती जागा गंजून खड्डे पडले असल्यास पाणी तेलात उतरते व तेल ताकासारखे पांढुरके होते. बेअरिंगची पाठ चकाकत असेल, तर ते आपल्या घरात फिरत आहे असे समजावे. काही मिस्त्री अशा घरात पंचाने ठोके देऊन बेअरिंग घट्ट बसवितात. ते ठोके लवकरच चेपले जातात व क्रँक पुन्हा ठोठावू लागतो. घर लेथवर वाढवून आत बुश बसविणे खर्चाचे खरे, परंतु टिकाऊ तेच.

सर्व मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. पुढील खेपेस एंजिन उघडले असता किती तास चालून किती झीज झाली, ते त्यावरून काढता येते.