पंधरा पानं की दोनशे?

नव्या लेखकांचे कादंबरीचे आराखडे वाचायला येतात, तेव्हा मी शेवट आधी वाचत नाही. चांगला शेवट दिसला की माणूस भुलतो आणि मधल्या पानांत काही घडतंय का, हे बघायचं राहून जातं.

एका आराखड्यात एसटीच्या निवृत्त कंडक्टरला जुन्या पेटीत एका प्रवाशाचं राहून गेलेलं पत्र सापडतं आणि तो पत्ता शोधत निघतो. कल्पना हृद्य आहे. पण पत्र पोचलं की सगळं मिटतं. वाटेत भेटणारी माणसं कमी-जास्त केली तरी कंडक्टर होता तसाच राहतो. ही पंधरा पानांची सुंदर कथा आहे. ती ताणायची तर आठवणींची भर घालावी लागेल आणि वाचकाला ती लगेच कळेल.

दुसरा आराखडा दोन भावांच्या सामाईक विहिरीचा. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. थोरल्याच्या पाळीला वीज नेमकी रात्री येते. मोटार जळते, खर्चावरून बोलणं तुटतं. धाकटा बोअर मारतो, विहीर आटत जाते. थोरला कर्ज काढतो आणि मुलीचं लग्न लांबतं. आधीच्या निर्णयातून पुढचा पेच उभा राहतो. एक भांडण मिटलं तरी कुणीच सुटत नाही. इथे मी पेन्सिल उचलतो.

विषय मोठा असावा लागतो, असं मुळीच नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) एका गरीब शिंप्याच्या बायकोचा संसार आहे. कौतिक तो सावरायला धडपडते आणि त्या धडपडीवरच कादंबरी उभी राहते. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला (१९५५) मात्र माझी ही कसोटी पुरत नाही. तिथे पेचातून पेच निघत नाही. धनगरांच्या वाडीत नवा मास्तर येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो. तिथे काळच माणसं बदलत नेतो. म्हणून मी दुसरा प्रश्नही विचारतो: पुढच्या पावसाळ्यात यांचं काय झालेलं असेल?

विहिरीच्या लेखकाला मी हेच विचारलं. भावांबद्दल तो भरभरून बोलला. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केल्याचा उल्लेख आराखड्यात एका ओळीत होता. सही का केली, विचारल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, “भावांनी माहेर तोडू नये म्हणून.”

“आणि आता विहीर आटल्यावर?”

त्यानं वही उघडली. पहिली चाळीस पानं बहिणीच्या बाजूनं लिहून आणा, असं मी त्याला सांगितलं आहे.