मूळव्याध नव्हे, कॅन्सरही नव्हे

शौचाला लाल रक्त पडलं की घरात निदान ठरलेलंच असतं: मूळव्याध. पण सोबत चिकट आव जात असेल, तासभर कुंथूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, बोटाने मळ काढावा लागत असेल, तर आणखी एका आजाराचा, सॉलिटरी रेक्टल अल्सर सिंड्रोमचा (गुदाशयातल्या व्रणाचा), विचार करायला हवा. जोर लावताना गुदाशयाचं आतलं अस्तर सैल होऊन खाली घसरतं, दाबलं जातं, त्याचा रक्तपुरवठा अडतो आणि तिथे जखम होते.

दुर्बिणीतून मात्र प्रत्येकाचं चित्र निराळं. कुणाला एकच व्रण, कुणाला अनेक, कुणाला नुसती लाली. काहींना तर चक्क गाठ दिसते आणि कॅन्सरच्या धास्तीने घर हादरतं. उलगडा होतो तो बायॉप्सीत: अस्तराच्या ज्या थरात एरवी सैल ऊती असते, तिथे स्नायूंचे धागे वर चढलेले आणि तंतू दाटलेले दिसतात. 1983 साली ब्रिटिश संशोधकांनी ही सगळी रूपं एकाच आजाराखाली आणण्याची मांडणी केली. तपासणीचा तुकडा वरवरचा निघाला, तर निदान हुकू शकतं.

उपचाराची सुरुवात सवयीपासून होते. चोथायुक्त आहार, इसबगोल, भरपूर पाणी, आणि मुख्य म्हणजे कुंथणं बंद. शौचाच्या वेळी स्नायू सैल सोडायला शिकवणारं बायोफीडबॅक प्रशिक्षणही अनेकांना उपयोगी पडतं. शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागते. रक्त जात असेल तर लाजून महिनोन्महिने अंगावर काढू नका, तपासून घ्या.