मुळांशी चालणारा पत्रव्यवहार

सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत लेगहीमोग्लोबिनाची गुलाबी छटा दिसली, तर नत्राचे काम चालू आहे असे खुशाल समजावे. परंतु ही वसाहत मंजूर होण्यापूर्वी मातीत जो रासायनिक पत्रव्यवहार होतो, तो मला गाठीहूनही नवलाचा वाटतो. मूळ जेनिस्टीनसारखी द्रव्ये पाझरते, ती ओळखून ब्रॅडीरायझोबियम जिवाणू ‘नॉड घटक’ नावाचे रेणू रवाना करतात, आणि त्यांच्या अत्यल्प मात्रेनेही मूलरोम वळून जिवाणूंना कवेत घेतो. हरभऱ्याचे संवर्धक सोयाबीनच्या बियाण्यास चोळून मात्र गाठींची अपेक्षा धरू नये. प्रत्येकाचा नॉड घटक निराळा. लसूणघासाच्या जिवाणूतील अशा रेणूची रचना १९९० साली उलगडली. तेच जिवाणू आपसांतील संख्येचा अदमास वेगळ्या संकेतांनी घेतात, आणि पुरेसा जमाव झाल्याखेरीज काही बहुशर्करांचे उत्पादन हाती घेत नाहीत.