वडूजची विहीर आणि बॅरनचा ज्वालामुखी

वडूजच्या शिवारात नव्या विहिरीचे खोदकाम चालू असता काठावरून जो खाली डोकावेल, त्याला काळ्या मातीखाली मुरूम, मुरुमाखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दगड आणि त्याखाली सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण दिसेल. परंतु हा सारा पसारा ६ कोटी ६० लक्ष वर्षांमागे भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचा आहे, हे पुस्तकात वाचूनही पटत नाही, कारण खटाव तालुक्यात ज्वालामुखीचे मुख म्हणून दाखवावे असे काही नाही.

ते पाहावयाचे तर पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवरील बॅरन बेट गाठावे. समुद्रावर जेमतेम साडेतीनशे मीटर दिसणाऱ्या या पर्वताचा पाया २,००० मीटरहून अधिक खोल आहे. दीर्घ निद्रेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. आणि २३ जानेवारी २०१७ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर व त्यांचे सहकारी ‘सिंधु संकल्प’ नौकेवरून तळाचे नमुने काढीत असता त्यांच्या देखत त्याने राख ओकली. दिवसा राखेचे लोट आणि सूर्यास्तानंतर मुखातून उडणारी लाव्ह्याची लाल कारंजी त्यांनी पाहिली.

सरकारी परवानगीवाचून तेथे पाऊल ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परवाना घेऊन उतरणाऱ्या अभ्यासकाच्या पायाखाली काळी राख खचते, आणि नव्या लाव्ह्याचा खडा उचलावा तर त्याच्या अंगावर वायूच्या बुडबुड्यांनी पाडलेली असंख्य रिकामी छिद्रे दिसतात. डोळ्यांवर काच व तोंडात श्वासनळी धरून पाण्यात शिरले की तोच काळा खडक खाली उतरत जातो आणि त्यावर प्रवाळ रुजलेले आढळते. कारण प्रवाळाच्या अळीला घट्ट आधार हवा आणि प्रकाश हवा, व गाळ आणणारी नदी नसल्यामुळे येथील पाणी नितळ राहते. अलिबागसमोरचे खांदेरी बेटही असल्याच काळ्या पाषाणाचे. पण खाड्यांच्या गाळाने गढूळलेल्या तेथील पाण्यात हे दर्शन दुर्लभ.

आता पुन्हा वडूजला यावे. मांजऱ्या दगडातील पांढरे ठिपके म्हणजे बॅरनच्या खड्यातलीच छिद्रे होत; लाव्हा निवाल्यावर झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातून साचलेल्या झिओलाइट खनिजांच्या स्फटिकांनी ती भरून गेली, एवढाच भेद. विहिरीवरच्या ढिगाऱ्यातून असा एक तुकडा उचलून घरी आणावा आणि भिंगाखाली धरून मुलांना दाखवावा.