चार रकाने आणि एक बोली: मॉरिशसच्या राष्ट्रीयत्वाची घडण

बाहेरून आलेल्या लोकांनी घडवलेल्या देशांची चर्चा निघाली की कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांची नावे प्रथम पुढे येतात. परंतु त्या देशांत युरोपीय वसाहतवाले पोहोचण्यापूर्वी हजारो वर्षे नांदणारे मूळ रहिवासी होते, त्यामुळे तेथील ‘आम्ही कोण’ या प्रश्नाला ‘आमच्या आधी येथे कोण होते’ हा दुसरा प्रश्न कायम चिकटलेला असतो. हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावर असा समाज नव्हताच. डच तेथे १५९८ मध्ये उतरले तेव्हा बेट निर्मनुष्य होते आणि आज तेथे राहणाऱ्या सुमारे साडेबारा लाख माणसांपैकी प्रत्येकाचे पूर्वज कधी ना कधी जहाजातून आलेले आहेत. भूमिपुत्र कोणीच नाही, तेव्हा राष्ट्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर जन्मसिद्ध हक्काने कोणालाच देता येत नाही. ते राज्यघटनेतून आणि राजकारणातून घडवावे लागते, आणि मॉरिशसने ते कसे घडवले, त्यात कोणाला काय मिळाले व कोण मागे राहिले, हे पाहणे बहुसांस्कृतिकतेच्या कोणत्याही कोरड्या व्याख्येपेक्षा अधिक उद्बोधक आहे.

डचांनी १७१० मध्ये बेट सोडले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले आणि उसाच्या मळ्यांसाठी मादागास्कर, मोझांबिक व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले, तरी फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांचे कायदे आणि त्यांची भाषा यांना हात लावला नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे मुक्त झाली. नुकसानभरपाई मात्र गुलामांना नव्हे, तर मालकांना मिळाली. मळ्यांना हात हवे होते, आणि त्यांची सोय मुक्तीच्या आधीच सुरू झाली होती: २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात दाखल झाले. ठरावीक वर्षे ठरावीक मजुरीवर काम करण्याचा लेखी करार करून आणलेल्या या माणसांना गिरमिटिया म्हणत, आणि पुढील सुमारे ऐंशी वर्षांत असे साडेचार लाखांच्या आसपास लोक या बंदरातून गेले. बहुतेक बिहार व आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातील होते. मद्रासमार्गे तमिळ व तेलुगू भाषक आले, आणि मुंबई बंदरातून कोकणातील मराठी कुटुंबे आली. व्यापारासाठी गुजराती मुसलमान आणि चिनी आले. पोर्ट लुईतील ज्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून हे मजूर बेटावर शिरले, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दोनच वर्षांनी, पळालेल्या गुलामांनी ज्याच्या आश्रयाने स्वातंत्र्य जपले तो ल मोर्नचा डोंगरही त्या यादीत आला. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी देशाला सुट्टी असते.

स्वातंत्र्य जवळ येऊ लागले तेव्हा भारतीय वंशाच्या हिंदूंची संख्या निम्म्याच्या आसपास होती, आणि एक माणूस एक मत या तत्त्वाने सत्ता कायमची त्यांच्याकडेच जाईल, अशी धास्ती इतर सर्वांना वाटत होती. १९६७ च्या निवडणुकीत सीवूसागर रामगुलाम यांच्या स्वातंत्र्यवादी आघाडीने बहुमत मिळवले, तरी गाएतां द्युवाल यांच्या स्वातंत्र्यविरोधी पक्षालाही सुमारे ४४ टक्के मते पडली. म्हणजे १२ मार्च १९६८ रोजी जन्मलेल्या या राष्ट्रातील जवळजवळ निम्म्या मतदारांना ते राष्ट्र त्या स्वरूपात नको होते. त्याआधी काही आठवडे पोर्ट लुईत क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज, आणि मुसलमान यांच्यात दंगे उसळले आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. सत्ता कायमची एकाच समाजाकडे जाण्याच्या धास्तीवर उपाय म्हणून घटनेत जी तरतूद आली तिला ‘बेस्ट लूजर’ पद्धत म्हणतात.

विधिमंडळात ६२ सदस्य थेट निवडून येतात आणि त्यानंतर पराभूत उमेदवारांतून जास्तीत जास्त ८ जणांना जागा दिल्या जातात. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने अर्ज भरताना आपण हिंदू, मुसलमान, चिनी वंशीय की ‘सर्वसाधारण लोकसमूह’ यांपैकी कोणत्या समाजाचे आहोत, हे जाहीर करायचे असते. निकालानंतर प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याने जिंकलेल्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागतात. ज्या समाजाचा भागाकार सर्वांत मोठा, तो सर्वांत कमी प्रतिनिधित्व मिळालेला, आणि त्यातील सर्वाधिक टक्के मते मिळवून पडलेल्या उमेदवाराला जागा मिळते. पहिल्या चार जागांसाठी पक्ष पाहिला जात नाही; पुढच्या चार देताना पक्षांचे बलाबल बिघडू नये याची काळजी घेतली जाते. समाजनिहाय स्वतंत्र मतदारसंघ करून देशाचे तुकडे पाडण्यापेक्षा ही युक्ती निश्चितच शहाणपणाची होती. परंतु तिच्या पोटात एक विचित्र गोष्ट आहे: १९८० च्या दशकात जनगणनेतून समाजाचा रकाना काढून टाकण्यात आला, त्यामुळे हा भागाकार अजूनही १९७२ च्या लोकसंख्येवर करावा लागतो.

त्याहून महत्त्वाचा दोष चौथ्या रकान्यात आहे. घटनेनुसार, ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तीन समाजांपैकी कोणाचाही दिसत नाही, तो सर्वसाधारण लोकसमूहाचा. म्हणजे हा समाज तो काय आहे यावरून नव्हे, तर काय नाही यावरून ठरतो, आणि परिणामी मळ्यांचे मालक असलेल्या गोऱ्या फ्रेंच वंशीयांचे वारस आणि त्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वारस एकाच रकान्यात बसतात. ज्या देशात ओळख हेच वाटा मागण्याचे साधन आहे, तेथे आफ्रिकी व मलागासी वंशाच्या क्रिओल लोकांच्या हाती स्वतःचे नावदेखील देण्यात आले नाही, ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी अन्यायाची जागा आहे.

मॉरिशसचे शासन प्रत्येक समाजाला मान्यता देण्यात कंजुषी करत नाही. कावडी ही तमिळ भाषकांची, उगादी तेलुगू भाषकांची, महाशिवरात्र हिंदी-भोजपुरी परंपरेतील हिंदूंची आणि गणेश चतुर्थी प्रामुख्याने मराठी भाषकांची सार्वजनिक सुट्टी आहे; वसंतातील चिनी नववर्ष, ईद आणि नाताळही त्याच दिनदर्शिकेत आहेत. लोकसंख्येत अगदी छोटा वाटा असलेल्या मराठी समाजाला शासनमान्य सण, सरकारी प्राथमिक शाळांत ऐच्छिक मराठी आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा अभ्यास एवढे सारे मिळाले आहे, आणि गणपतीपुढे कोकणातील जाखडीशी नाते सांगणारा ‘झाकरी’ नाच आजही होतो. मान्यतेचा हा मार्ग किती नाजूक असतो, हे मात्र १९९८ मध्ये दिसले. रुपयाच्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ व मग हिंदी मजकूर असे. नव्या मालिकेत हिंदी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ भाषकांनी याला पायरी उतरवणे मानले, निषेध झाला आणि अखेर त्या नोटा मागे घेऊन जुना क्रम परत आणावा लागला. एका ओळीच्या जागेवरून चलन मागे घेण्याची पाळी यावी, याला केवळ हट्ट म्हणून चालणार नाही. जेथे मान क्रमानेच वाटला जातो, तेथे क्रम बदलणे म्हणजे मान काढून घेणेच असते.

शाळांत शिकवल्या जाणाऱ्या हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी इत्यादींना ‘पूर्वजांच्या भाषा’ म्हटले जाते. वस्तुतः बहुसंख्य गिरमिटियांची बोली भोजपुरी होती, पण पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत दीर्घकाळ आली ती प्रमाण हिंदी. घरी भोजपुरी बोलणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेपर्यंत ५ टक्क्यांच्या आसपास उतरले होते. मराठी कुटुंबांतही रोजचे बोलणे बहुधा क्रिओल बोलीतच चालते आणि मराठी ही मुख्यतः शाळा, पूजा व समारंभ यांची भाषा उरली आहे. गुलामांच्या वंशजांची स्थिती याहून कठीण होती, कारण त्यांच्या पूर्वजांच्या भाषा जहाजावर व मळ्यावर तुटल्या, त्यामुळे ‘पूर्वजांची भाषा’ या सदराखाली दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हते. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेतील गुणानुक्रमात, ज्यावर चांगल्या माध्यमिक शाळेतील प्रवेश ठरे, या पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत की नाहीत, यावरून १९९५ मध्ये घटनादुरुस्तीचा प्रयत्न फसला, विधिमंडळ बरखास्त झाले आणि सत्ताधाऱ्यांना मुख्य बेटावर एकही जागा राखता आली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. फ्रेंच मालक आणि नाना प्रदेशांतून आणलेले गुलाम यांच्या व्यवहारातून जन्मलेली क्रिओल बोली आज ८० टक्क्यांहून अधिक घरांत बोलली जाते. बाजारात, बसमध्ये, निवडणुकीच्या सभेत तीच चालते, आणि रस्त्यावर डाळ भरलेल्या पोळ्यांची जोडी, म्हणजे ‘धोलपुरी’, मागणारा माणूस कोणत्याही समाजाचा असला तरी ती याच बोलीत मागतो. बेटावर उतरलेल्या प्रत्येक नव्या समूहाला एकमेकांशी बोलता आले ते गुलामांनी घडवलेल्या भाषेमुळे. असे असताना कारभार इंग्रजीत, बहुतेक वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये, आणि क्रिओल मात्र मोडकी फ्रेंच म्हणून हिणवली गेली. तिचे अधिकृत शुद्धलेखन २०११ मध्ये ठरले आणि प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ती २०१२ मध्ये आली, तीही बव्हंशी इतर पूर्वज-भाषांच्या शेजारी एक पर्याय म्हणून. जी भाषा सर्वांची आहे तिला एका समाजाच्या रकान्यात बसवून मान्यता देणे, यात उशिरा झालेला न्याय आणि चुकलेली संधी दोन्ही आहेत.

क्रिओल वस्त्यांतील घुसमट फेब्रुवारी १९९९ मध्ये उघड झाली. सेगा व रेगे या संगीतप्रकारांच्या मिलाफातून ‘सेगे’ ही शैली रूढ करणारा गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि काही दिवस देश पेटला. गुलामगिरी व गिरमिट यांच्या परिणामांची चौकशी करणारा सत्य व न्याय आयोग २००९ मध्ये नेमला गेला आणि २०११ मध्ये त्याने जमिनी हडपण्यापासून शिक्षणातील विषमतेपर्यंतची नोंद केली. तरीही १९६८ मधील फूट आणि दंगे मागे टाकत या बेटाने निवडणुकांनी सत्ता बदलण्याची सवय टिकवली, हे श्रेय रकान्यांच्या व्यवस्थेलाही काही अंशी द्यावे लागते. १९८२ मध्ये समाजापेक्षा वर्गाची भाषा बोलणाऱ्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या, यावरून मतदार रकान्याबाहेर विचार करू शकतो, हेही दिसले. मात्र आजवरच्या पंतप्रधानांत हिंदू नसलेले एकटे पॉल बेरांजे आहेत आणि त्यांची कारकीर्द २००३ ते २००५ एवढीच होती.

आपण केवळ मॉरिशसचे नागरिक आहोत, असे म्हणत काही उमेदवारांनी २००५ च्या निवडणुकीत समाज जाहीर करण्यास नकार दिला आणि त्यांचे अर्ज बाद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये निर्णय दिला की जुन्या आकडेवारीवर आधारलेली ही सक्ती त्यांच्या राजकीय हक्कांचा भंग करते. त्यानंतर २०१४ मध्ये घटनादुरुस्ती होऊन समाज न सांगता उमेदवारी करण्याची मुभा मिळाली, परंतु ती त्या एकाच निवडणुकीपुरती होती.