दारात गाडी हवी, पण कुठली?

बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर... आपल्याकडे हल्ली घरोघरी एकच चर्चा. गाडी घ्यायची तर पेट्रोलची की विजेची? यजमानांचं मत ठरलेलं असतं, मुलांचं त्याहून पक्कं! पण हप्ता जातो घरखर्चातूनच. तेव्हा मैत्रिणींनो, हा हिशेब आपणच कागद-पेन्सिल घेऊन मांडलेला बरा.

१९८३ साली मारुती ८०० आली आणि नोकरदारांच्या घरांनाही गाडीचं स्वप्न पडू लागलं. २००९ साली नॅनो रस्त्यावर आली, लाख रुपयांची गाडी म्हणून गाजली. पण २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. नुसती स्वस्ताई पुरत नाही, हेच खरं.

आता विजेच्या गाडीचं पाहू. समजा, ती पेट्रोलच्या लहान गाडीपेक्षा चार लाखांनी महाग आहे. तुमची गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालते. लिटरला २० किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं, तर खर्च २,५०० रुपये. विजेची गाडी तेवढ्यासाठी सुमारे ७५ युनिटं खाईल. युनिट दहा रुपये धरलं, तर ७५० रुपये. वर्षाची बचत २१ हजार. पण वरच्या चार लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी व्याज जवळजवळ ३६ हजार! मग वाचलं काय?

मात्र रोजची नोकरी परगावी असेल, महिन्याला १,५०० किलोमीटर होत असतील, तर वर्षाला ६३ हजार वाचतात. तिथे विजेची गाडी व्याज भागवून चार पैसे हाती ठेवते. तिला ऑइल बदलणंही नाही.

एक गोष्ट विसरू नका. वीजबिलाचे टप्पे असतात. १०० युनिटांच्या वर गेलात की पुढच्या युनिटांचा दर चढतो. गाडीमुळे बिल कुठल्या टप्प्यात जाईल, ते जुनी बिलं काढून पाहा. घराचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

खामगावमार्गे शेगावला दर्शनाला जायचं म्हणजे वाटेत बोथ्याचा घाट. चढावर बॅटरी भराभर उतरते, उतारावर थोडी परत भरते. उन्हाळ्यात एसी लावला की पल्ला आणखी घटतो. म्हणून कंपनीच्या कागदावरचा आकडा पुरता धरू नका. बॅटरीची हमी किती वर्षांची, दुरुस्ती गावात होते की अकोला गाठावं लागतं, हे आधी विचारा.

सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्केच आहे. म्हणजे किमतीतलं अंतर बदलत राहतं; जुन्या आकड्यांवर विसंबू नका.

आणि हो, सोयाबीनचे पैसे आले म्हणून मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून गाडी आणण्याची घाई नको. शेजारणीच्या दारात कुठली आली, यापेक्षा आपली महिन्याला किती चालणार, हे आधी लिहून काढा. उत्तर तिथेच मिळेल.