टोकावर विसंबू नये

आपल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'ओजाइव्ह' म्हणजे संचित वारंवारतेचा वक्र हे ठाऊक आहेच. वास्तुकलेत याच शब्दाचे नाते गॉथिक कमानीशी आहे. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या टोकदार कमानी आपण पाहिल्याच असतील. रायफलच्या लांब गोळीच्या निमुळत्या बाकालाही हेच नाव आहे! एन.सी.सी.त नेमबाजी करताना माझे कुतूहल जागे झाले. त्या वाचनातले थोडेसे येथे मांडतो.

१८९८ साली फ्रान्सने आणि १९०६ साली अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी बोथट गोळी सोडून टोकदार गोळी स्वीकारली. अशा गोळीला हवेचा विरोध कमी होतो, त्यामुळे तिचा वेग दूरवर टिकतो. अमेरिकेतील अनेक नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. पितळी कवचात मोजून दारू घालायची आणि प्रेसच्या दांड्याने गोळी कवचाच्या तोंडात दाबून बसवायची. खरी कसोटी येथेच लागते.

गोळी फार खोल गेली, तर आतील जागा कमी होऊन दाब वाढतो. उलट ती बाहेर राहून नळीतील आट्यांना टेकली, तरीही दाब वाढतो. हा दाब मर्यादेबाहेर गेला, तर रायफल फुटून हात किंवा डोळा गमावण्याची वेळ येते. शिवाय प्रत्येक गोळी सारखी बसली नाही, तर नेमही सारखा लागत नाही.

मग मोजायचे कोठून? टोकापासून मोजून भागत नाही, कारण एकाच डब्यातील गोळ्यांची टोकेही सारखी नसतात. शिशाचे टोक चेपते, पोकळ टोकाच्या कडा खडबडीत असतात. आट्यांना प्रथम भिडतो तो बाकाचा जाड भाग. म्हणून कॅलिपरला ठरावीक छिद्राचा 'कम्पॅरेटर' जोडून, काडतुसाच्या बुडापासून बाकापर्यंतचे अंतर मोजतात. काडतूस मॅगझिनमध्ये मावते की नाही, एवढे पाहण्यासाठीच एकूण लांबी घेतात.

दाबणाऱ्या दांड्यालाही हाच नियम लागू आहे. त्याची खोबण उथळ असली, तर लांब गोळीचे टोक तळाला टेकून चेपते आणि प्रत्येक गोळी वेगळ्या खोलीवर बसते. खोबण पुरेशी खोल हवी, म्हणजे दाब बाकावर येतो. गोळीला शाई लावून बसवली, की दांडा नेमका कोठे टेकला ते उमटलेल्या कड्यावरून कळते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना काडतुसे बनवणे गुन्हा आहे. तेव्हा हा विषय आपण समजून घेण्यापुरताच! मात्र एक गोष्ट कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी: माप नजरेत भरणाऱ्या टोकावरून घ्यायचे नसते, जेथे प्रत्यक्ष काम घडते तेथून घ्यायचे असते.